ही घेऊ की ती?

डोंबिवलीला परदेशी गाड्यांचं कौतुक सांगू नये. १९९४ साली, जेव्हा सगळं जग आम्हाला लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं म्हणून ओळखत होतं, तेव्हा कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात फ्रान्सची प्यूजो ३०९ जुळवली जात होती. पुढच्या वर्षी कोरियाची सिएलो आली आणि आमच्या कट्ट्यावर ‘प्यूजो की सिएलो’ हा वाद पेटला. वाद घालणाऱ्यांपैकी एकाकडेही स्कूटरपलीकडे काही नव्हतं, त्यामुळे वाद अगदी निर्मळ होता. पुढे काही वर्षांत प्यूजो आपल्या देशी परत गेली, सिएलोही दिसेनाशी झाली. पण गाडी न घेता गाडी निवडण्याची जी गोडी तेव्हा लागली, ती काही सुटली नाही.

माझा भाचा मात्र खरोखर घेणाऱ्यांतला निघाला. तो ठाण्यात घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो, चांगलं कमावतो, आणि सध्या ‘बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह की मर्सिडीज जीएलई’ या विकारानं हैराण आहे. दोन्ही गाड्या कोटीच्या घरातल्या. कोटी म्हटल्यावर मी नेहमीप्रमाणे एकावर किती शून्यं ते मनात मोजून घेतलं. तो म्हणाला, “मामा, सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवरचा कर सेससकट पन्नास टक्के होता तो चाळीसवर आलाय. आता न घेणं म्हणजे शुद्ध नुकसान.” या हिशोबानं माझं स्वतःचं किती नुकसान होत असेल, याचा मी विचार करत बसलो.

दोघींतला फरक त्यानं मला तक्त्यानिशी समजावून दिला. पेट्रोलवाल्या एक्स-फाइव्हचं इंजिन २,९९८ सीसीचं, जीएलईचं २,९९९. दोन्हींना सहा सिलिंडर, दोन्हींची ताकद ३८१ अश्वशक्ती. शून्यापासून शंभराचा वेग गाठायला एकीला ५.४ सेकंद, दुसरीला ५.६. म्हणजे जुळ्या बहिणींपैकी एकीच्या गालावर तीळ आहे म्हणून लग्न अडून बसावं, तसा हा प्रकार. मी विचारलं, “हे ०.२ सेकंद तू कापूरबावडीच्या सिग्नलला वाचवणार, की गायमुखच्या घाटात?” त्यानं तक्ता मिटला.

घोडबंदर रोडचं कौतुक मी नव्यानं काय सांगणार. मेट्रोचे खांब, त्यांच्याभोवतीचे पत्रे, भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर आणि मध्येच उलट्या दिशेनं येणारा आत्मविश्वासू रिक्षावाला. टेस्ट ड्राइव्हला मीही मागे बसलो होतो. शोरूमचा मुलगा फार गोड. “सर, पिकअप फील करा,” तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा. पिकअप होताच. पाय नुसता टेकवला की गाडी समोरच्या टेम्पोच्या पाठीपर्यंत क्षणात पोचायची. त्या टेम्पोवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं मी जितक्या निवांतपणे वाचलं, तितक्या निवांतपणे अलीकडे पेपरसुद्धा वाचला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीतून गेलो, तेव्हाही पुढे टेम्पोच होता. तोच की दुसरा, ते सांगता येणार नाही.

जाणकार म्हणतात, बीएमडब्ल्यू चालवणाऱ्यानं घ्यावी आणि मर्सिडीज मागे बसणाऱ्यानं. आपल्याकडे जीएलई लांब व्हीलबेसची मिळते, त्यामुळे मागे पाय ऐसपैस पसरता येतात. एक्स-फाइव्हच्या डिकीचं दार दोन भागांत उघडतं. खालचा भाग आडवा करून त्यावर बसता येतं. भाच्याच्या मते हे डोंगरदऱ्यांत कॉफी पिण्यासाठी आहे. माझ्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या आईनं, ते पाहिलं आणि म्हणाली, “वा, इथे बसून भाजी निवडता येईल.” ताईचे गुडघे कुरकुरतात. तिनं दोन्ही गाड्यांत चढून-उतरून पाहिलं, इंजिनाबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि विचारलं, “बनतात कुठे रे?” एक चेन्नईजवळ जुळवली जाते आणि दुसरी चाकणला, असं कळल्यावर तिच्यापुरता निकाल लागला. “मग आपल्या चाकणचीच घे. काही बिघडलं तर जाऊन सांगता तरी येईल.”

कट्ट्यावर मी हा विषय काढला तर सगळ्यांच्या अंगात पुन्हा १९९५ संचारलं. पहिला प्रश्न आला, “अॅव्हरेज किती देते?” कोटीची गाडी घेणाऱ्याला अॅव्हरेज विचारणं हा आमच्या गावाचा बाणा आहे आणि मला तो मनापासून पटतो. मग कुणीतरी रस्ताकराचा विषय काढला. आपल्याकडे वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तेरा टक्के, म्हणजे कोटीला तेरा लाख. “तेरा लाख!” एक जण कळवळून म्हणाला. “अरे, एवढे पैसे दिल्यावर थोडा रस्ता तरी आपल्या नावावर करून देत असतील ना?” भाच्याचा आनंद मात्र वेगळ्याच गोष्टीत होता. ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झालाय, तेव्हा मुलुंडला पंचेचाळीस रुपये वाचतात, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. पंचेचाळीस रुपये वाचल्याचं सुख कोटीवाल्यालाही होतं, हे ऐकून मला तो पुन्हा आपल्या घरचा वाटला.

खरी परीक्षा पार्किंगला झाली. त्याच्या सोसायटीतली जागा आराखड्यावर अडीच मीटर रुंद. दोन्ही बाजूंना खांब. एक्स-फाइव्हची रुंदी २,००४ मिलिमीटर, आणि जीएलईही काही कृश म्हणता येणार नाही. एका रविवारी भाचा, मी आणि वॉचमन टेप घेऊन बेसमेंटला उतरलो. गाडी बरोब्बर मध्ये लावली तर दोन्हींकडे वीत-दीड वीत जागा उरत होती. तेवढ्या फटीतून दार उघडून भाच्यानं बाहेर कसं यायचं, यावर आम्ही बराच वेळ खल केला. (गेल्या काही वर्षांत त्याचीही रुंदी वाढली आहे, पण हे मी त्याच्या बायकोसमोर बोललो नाही.) वॉचमननं दोन मार्ग सुचवले: डिकीतून, नाहीतर वरच्या काचेच्या छपरातून. शेजारच्या पझल पार्किंगमध्ये जागा होती, पण त्या लोखंडी फळीला उंचीचं आणि वजनाचं बंधन, आणि या गाड्या दोन टनांच्या वर. “साहेब, ही चढवली तर खालच्या अल्टोचं काही खरं नाही,” वॉचमन म्हणाला. त्या अल्टोवाल्याला बिचाऱ्याला आपण किती थोडक्यात वाचलो, याचा पत्ताही नसेल.

एवढं सगळं पाहून मी भाच्याला विचारलं, की तू या गाडीनं नेमकं जाणार कुठे? तर आईकडे, डोंबिवलीला. ठाण्याहून जलद लोकल २०२२पर्यंत पारसिकच्या बोगद्यातून डोंगराच्या पोटातनं जायची; आताही ती पंधरा-वीस मिनिटांत डोंबिवलीला पोचते. या भागात गाडी आली ती १८५३ साली, पहिली ठाण्याला, आणि दुसऱ्याच वर्षी कल्याणला. मोटारवाल्यांना अजूनही त्या डोंगराला वळसा घालावा लागतो: मुंब्रा बायपासनं शीळफाटा, नाहीतर माणकोलीकडून मोठागावचा पूल. ३८१ घोडे जोडले तरी वळसा तो वळसाच. पण मी हे त्याला फार रेटून सांगितलं नाही. कारण आता माझ्या लक्षात आलं होतं की त्याची गाडी चालू झालेलीच आहे. रात्री जेवण झाल्यावर तो मोबाइलवर कुणातरी जर्मन माणसाचा व्हिडिओ लावतो, आणि त्या अर्ध्या तासात तो आल्प्सच्या वळणांवर दोनशेनं धावत असतो. एक रात्र ही, एक रात्र ती. खांब नाहीत, टेम्पो नाही, हप्ता नाही. बुकिंग झालं की यातली एक गाडी बेसमेंटच्या दोन खांबांमध्ये येऊन उभी राहील आणि दुसरी कायमची जाईल. निर्णय लांबवण्यात त्याचा आळस किंवा गोंधळ आहे असं मला वाटत नाही. तो हुशार मुलगा आहे.

सूनबाईला हे मान्य नाही. तिनं पाडव्याची मुदत घातली आहे: पाडव्याला गाडी दारात, नाहीतर विषय बंद. त्यामुळे गेल्या रविवारी घरात वेगळाच पेच उभा राहिला. ताईचं म्हणणं, गाडी कुठलीही येवो, शोरूममधून आधी टिटवाळ्याला जायला हवी. सूनबाईचं माहेर डोंबिवलीचं, फडके रोडचं. ती म्हणते, आधी आमच्या गणपतीला. मी आठवण करून दिली, की पाडव्याची शोभायात्रा म्हणजे १९९९पासून फडके रोड ढोल-ताशांनी आणि माणसांनी तुडुंब, तिथे सायकल शिरणार नाही. क्षणभर शांतता पसरली. मग भाच्यानं खिशातून मोबाइल काढला आणि टिटवाळा की डोंबिवली याचा नवा तक्ता करायला घेतला.