पन्नास रुपयांची चैन

परभणी जिल्ह्यात एक नवा रोग आल्याची बातमी पार, चहाची टपरी आणि मोंढा या तिन्ही ठिकाणी एकदमच पोचली आहे. रोगाचं नाव आळस. लागण फक्त बायांना. जंतू 'लाडकी बहीण' योजनेच्या महिन्याला १५०० रुपयांचा, जुलै २०२४ च्या हप्त्यापासून थेट खात्यात शिरणारा. लक्षण एकच: सोयाबीनच्या सोंगणीला बोलावलं की बाई "जमायचं नाही" म्हणते. निदान इतकं सर्वमान्य झालं की १२ फेब्रुवारी २०२५ रोजी न्या. भूषण गवई यांनी सर्वोच्च न्यायालयातही ते बोलून दाखवलं. निवडणुकीच्या तोंडावरच्या योजनांमुळे महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत, आपण परजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना, असा त्यांचा सवाल होता. सुनावणी चालू होती शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्याची. हजेरी मात्र लाडक्या बहिणीची लागली.

रोगाचा हिशेब मांडू. १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५०. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये, म्हणजे ही सारी चैन पाच दिवसांच्या रोजाएवढीही नाही. महिन्यात वीस दिवस काम मिळालं तर त्याच दराने ६,२४० रुपये होतात. ते सोडून बाई १५०० वर पाय पसरून बसते, असं मानायचं तर तिला बेरीज-वजाबाकी येत नाही असंही मानावं लागेल. बचत गटाच्या हप्त्यात दोन रुपयांचा घोळ ती खपवून घेत नाही, हे गटाच्या अध्यक्षबाईंना विचारा. आणि गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडची कोयती दरसाल उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्यांचं काय? आळशी माणसं पहाटेच्या थंडीत उसाच्या फडात कशाला उभी राहतील?

मग बाई नाही का म्हणते? ती कामाला नाही म्हणत नाही, भावाला म्हणते. कापूस वेचायचा म्हणजे कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलून घ्यायची आणि संध्याकाळी काट्यावर जेवढे किलो भरतील तेवढेच पैसे. पूर्वी मालक सांगेल तो भाव घ्यावा लागे, कारण किराणा दुकानदाराची उधारी दारात उभी असे. आता उधारीपुरते ५० रुपये आहेत, म्हणून ती चार बायांशी बोलून गुत्त्याचा भाव सांगते. आळसाच्या नावाखाली खपतंय ते एवढंच. मोंढ्यात व्यापारी घासाघीस करतो तेव्हा तिला धंदा म्हणतात. बाईने केली की समाज बिघडला.

फुकट पैशाने आळस येतो का, यावर अभ्यासही झाले आहेत. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख मदत योजना तपासल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष छापला: पैसे मिळाल्याने लोक काम कमी करतात याचा ठोस पुरावा नाही. कुणी म्हणेल, ते देश वेगळे, आपली बहीण वेगळी. मान्य. मग निदान आपल्याकडचं मोजेपर्यंत तरी निकाल देऊ नये. शिवाय फुकट पैशाने माणूस बिघडतो हा नियम खरा असेल, तर तो सर्वांना लागू करा. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाला १२ हजार येतात. त्याने नांगर टाकल्याचं कुणी ऐकलं नाही. माजी आमदारांच्या दरमहा ५० हजारांच्या पेन्शनचा त्यांच्या कष्टाळूपणावर काय परिणाम झाला, याचीही चर्चा होत नाही. याच योजनेत १४ हजारांवर पुरुष 'बहिणी' होऊन पैसे घेत असल्याचं उघडकीस आलं. त्यांना आळशी म्हणता येणार नाही. एवढा उद्योग फार थोड्यांना जमतो.

शेतकऱ्याची तक्रार मात्र खोटी नाही. सोंगणी आठ दिवस लांबली तर शेंगा फुटतात, दाणे मातीत जातात. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात भाव त्याच्या कितीतरी खाली. एवढ्यात तो मजुरी वाढवणार कुठून? दुखणं खरं आहे, बोट भलतीकडे आहे. मतांसाठीच पैसे वाटले हेही खरं. पण तो दोष वाटणाऱ्यांचा, घेणारीच्या हातापायांचा नव्हे.

मजूर आळशी नाहीत, हे सरकारला कळत नाही असं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा आला. त्यात पेरणी-कापणीच्या दिवसांत मिळून ६० दिवस सरकारी काम बंद ठेवण्याची सोय आहे. मजूर खरोखर आळशी असते तर हे काम बंद करण्याची गरजच नव्हती. भीती आहे ती त्यांना दुसरं काम मिळण्याची.

तेव्हा शेतकरीदादा, मजूर का मिळत नाही हे विचारायला बाईच्या दारात जाऊ नका. हमीभावाच्या खाली माल घेतला जातो तिथे, बाजार समितीच्या दारात जा. तुमचा भाव तिथे वाढला की तिचा वाढवणं तुम्हाला जड जाणार नाही.