कात्रपचे निदानकाका

बदलापुरातल्या कात्रपच्या प्रत्येक सोसायटीत एक निदानकाका असतात. आमचे अंबरनाथच्या ऑर्डनन्समधून निवृत्त झालेत. चष्मा कपाळावर, खिशात टेस्टर, आणि बोलावण्याची वाट बघायची सवय नाही. लिफ्ट कुरकुरली किंवा कुणाच्या कुकरची शिट्टी लांबली, की हे दारात. दुरुस्ती हा त्यांचा प्रांत नव्हे. ती मेकॅनिकनं करावी. त्यांना रोग लागतो, तोही शक्यतो गुंतागुंतीचा, आणि उलटतपासणीसाठी रोग्याचा मालक समोर बसलेला लागतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या डीटीपीवाल्या वहिनींचा लॅपटॉप म्हणजे काकांना पर्वणीच. वहिनी दिवाळी अंक लावतात. जुना सगळा मजकूर पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात. तो युनिकोडात नेला की जोडाक्षरांचे हाल होतात. म्हणून मायक्रोसॉफ्टनं एप्रिल 2014 मध्ये वाऱ्यावर सोडलेली विंडोज एक्सपी वहिनींनी व्हर्च्युअलबॉक्समध्ये सांभाळून ठेवलीय. नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक, त्यात अंक. जुन्या लॅपटॉपवर हे सगळं पळायचं. मुलानं पुण्याहून 4के पडद्याचा नवा लॅपटॉप पाठवला आणि एक पान सरकवेपर्यंत कर्जत लोकल येऊन जायला लागली.

"आणल्यावर पहिल्यांदा काय केलंत?" काकांनी खुर्ची ओढली.

"पूजा."

"त्याच्या आधी?"

अर्धा तास इतिहास नोंदवून झाला. मग प्लगात टेस्टर घालून व्होल्टेज निर्दोष ठरवलं. ("बदलापुरात आधी विजेवर संशय घ्यायचा," हे त्यांचं सूत्र. निम्म्या वेळा खरं ठरतं, हे मान्य करायला हवं.) मग लॅपटॉपच्या बुडाला हात लावून ताप पाहिला. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवं कासव दिसत होतं. वहिनींना वाटलेलं, नव्या मशीनबरोबर शुभ म्हणून देत असतील. देवळात असतंच की. काकांनीही त्याला पास केलं. "हिरवं आहे ना? मग ठीक. आमच्या शॉपमध्ये लाल लागला तरच धावायचं."

त्यानंतर त्यांनी पेन्सिल मागितली. माणूस अशा वेळी देखणा दिसतो. पडदा 3840 बाय 2160, म्हणजे 82,94,400 ठिपके. दर ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एका चित्राला तीन कोटी एकतीस लाखांवर बाइट. आणि वहिनींनी एक्सपीला चित्रासाठी दिलेली मेमरी? जुन्या लॅपटॉपवरून जशीच्या तशी आलेली, 16 एमबी. "ताई, पातेलं दोन लिटरचं आणि दूध चार लिटर!" काका गरजले. गुणाकार अचूक होता. मेमरी 128 वर गेली, एक्सपी पडदाभर पसरली, अक्षरं मुंगीएवढी झाली आणि आधी चालत होतं ते आता रांगायला लागलं. आधीच दमलेल्या प्रोसेसरला जास्तीचे लाखो ठिपके रंगवायचं काम काकांनी लावून दिलं होतं.

दुसरा कुणी काढता पाय घेता. काकांनी विचारलं, "याचं लॉगबुक असेल ना?"

होतं. लॉगबुक म्हटलं की ऑर्डनन्सचा माणूस पोथीला बसल्यासारखा बसतो. शेकडो ओळी, वर बोट. चहा निवला. आणि मग एका ओळीवर बोट थांबलं: 'स्नेल एक्झिक्यूशन मोड इज अ‍ॅक्टिव्ह!' पुढचं उद्गारचिन्हसुद्धा त्यांनी वाचून दाखवलं. "वर कासव, आत गोगलगाय! आणि हे लोक लेखी कबूल करतात!"

कारण साधं होतं. नव्या विंडोजनं सुरक्षेसाठी प्रोसेसरची आभासी संगणक चालवायची सोय स्वतःच्या ताब्यात घेतली होती, आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या मध्यस्थीनं काम करावं लागत होतं. कासव म्हणजे त्याचीच पाटी. कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटेग्रिटी बंद केलं, हायपर-व्ही काढलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. सुरक्षा थोडी कमी होते, तेव्हा एक्सपीचं इंटरनेटही काकांनी तोडायला लावलं. पडदा एक्सपीपुरता 1920 बाय 1080 केला, दुप्पट मोठा दाखवायला सांगितला. ठिपके एक चतुर्थांश झाले. कासवाच्या जागी साधी चिप आली. पानं सरसर उलटायला लागली.

काकांच्या चेहऱ्यावर मात्र रोगी बरा झाल्याची खिन्नता.

फी ते घेत नाहीत. फक्त त्यांच्या नोकरीतल्या आठवणींच्या सहा वह्या आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या; तेवढ्या टाइप करून हव्यात. घाई नाही, या दिवाळीपर्यंत. वहिनी दिवसाला चार पानं काढतायत, आणि काका शेजारी खुर्ची टाकून प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाचं कारण विचारतायत.