गिऱ्हाइकाला थांगपत्ता लागू न देणारी वेबसाइट कशी करावी

चेन्नईत हॉटेल काढायला निघालेल्या मराठी माणसानं स्वयंपाकाची फार काळजी करू नये. मास्टर मिळतो, सप्लायर मिळतात, केळीची पानं कोयंबेडूच्या मंडईत रोज उतरतात. घोडं अडतं ते वेबसाइटपाशी. म्हणून हे मार्गदर्शन. यातल्या सूचना तंतोतंत पाळणाऱ्या कित्येक वेबसाइट आम्ही पाहिल्या आहेत. त्यांची हॉटेलं कशी चालली आहेत ते पाहायला मात्र जाता आलं नाही, कारण पत्ता सापडला नाही.

सर्वप्रथम शत्रू ओळखावा. रस्त्यात उभा राहून फोनवर तुमचं हॉटेल शोधणारा माणूस भुकेलेला असतो. त्याला चारच गोष्टी हव्या असतात: आत्ता उघडं आहे का, कुठे आहे, या वेळेला काय मिळेल आणि किती पडेल. ही माहिती पहिल्याच पानावर साध्या अक्षरांत दिली, तर तो लगेच फोन खिशात घालून तुमच्या दारात येऊन उभा राहील. मग बाकीची अकरा पानं बघणार कोण? त्यासाठी का भाच्यानं रात्री जागवल्या?

वेबसाइट भाच्याकडूनच करून घ्यावी हे ओघानं आलंच. तो गिंडीला इंजिनिअरिंग शिकत असावा, होस्टेलच्या जेवणाला विटलेला असावा आणि मामाला नाही म्हणायची त्याची टाप नसावी. या धंद्यातला माणूस पैसे देऊन नेमला, तर तो पहिल्याच भेटीत "तुमच्या वेळा काय?" असला नको तो प्रश्न विचारतो. भाचा विचारतो, "मामा, पॅरॅलॅक्स ठेवू का?" मामानं "ठेव" म्हणावं.

पान उघडल्याबरोबर काहीतरी हललं पाहिजे. इडलीपात्राचं झाकण संथपणे वर उठतं, वाफ पसरते, वाफेतून हॉटेलचं नाव उमटतं आणि मागे नादस्वरम् सुरू होतं. बीच–तांबरम लोकलमध्ये बसलेल्या माणसाच्या फोनमधून अचानक मंगलवाद्य वाजलं की सगळा डबा वळून बघतो. एवढी जाहिरात फुकटात कुठे होते? पूर्वी हे सगळं फ्लॅशमध्ये करत. २०२० च्या अखेरीस अडोबीनं फ्लॅश बंद केलं आणि अशा पानांवर नुसती रिकामी चौकट उरली. तेवढे दिवस ती पानं झटकन उघडत असत, असं जाणकार सांगतात.

यानंतर 'आमच्याविषयी'. इथे हात आखडता घेऊ नये. मराठी हॉटेलवाल्याला तमिळनाडूत इतिहास आयता मिळतो. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि भोसल्यांची गादी तिथे १८५५ पर्यंत टिकली. शिवाय सांबाराची गोष्ट आहेच: शाहूजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, आमटीत चिंच पडली, पंगतीला संभाजीराजे पाहुणे होते, म्हणून ते सांबार. या गोष्टीला दंतकथेपलीकडे आधार नाही, पण 'आमच्याविषयी'ला आधार मागतो कोण? तमिळ गिऱ्हाइकासमोर मात्र ती मोठ्यानं सांगू नये. वेबसाइटवर लिहावी, तिथवर कुणी पोचत नाही.

विस्ताराचा आदर्श हवा असेल तर सरफोजीराजांकडे पाहावं. भोसले घराण्याचा सगळा इतिहास त्यांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. याहून टिकाऊ 'आमच्याविषयी' आमच्या माहितीत नाही: होस्टिंगचा हप्ता नाही, पासवर्ड नाही आणि दोनशेहून जास्त वर्षांत सर्व्हर एकदाही बसलेला नाही. आपल्याला दगड परवडत नसेल, पण लांबी तेवढी ठेवता येते. मांसाहारी हॉटेल असेल तर बुहारीचा धडा गिरवावा. माउंट रोडवरचं हे हॉटेल १९५१ चं. चिकन ६५ आपल्याकडे १९६५ साली मेनूवर आलं असं त्यांचं सरळ म्हणणं. लोक मात्र पासष्ट मिरच्या, पासष्ट दिवसांची कोंबडी, कार्डावरचा पासष्टावा पदार्थ अशा कथा रंगवत बसतात. एका पदार्थाच्या चार जन्मकथा असल्या की दर विचारायचं कुणाला सुचत नाही.

आता मुख्य प्रकरण, मेनू. चेन्नईचं शाकाहारी हॉटेल घड्याळावर चालतं. सकाळी इडली, वडा, पोंगल, पुरी. अकराच्या पुढे मील्स सुरू होतात आणि बऱ्याच ठिकाणी डोशाचा तवा विश्रांती घेतो. तीननंतर पुन्हा टिफिन, बज्जी, रवा डोसा. दीड वाजता डोसा मागणाऱ्याला सप्लायर पावलाची गती न मोडता "ओन्ली मील्स, सर" सांगून पुढे जातो. संध्याकाळी पोंगल मागणाऱ्याकडे तो करुणेनं बघतो. इथल्या माणसाला हे उपजतच कळतं. परगावच्याला नाही, आणि वेबसाइटनं त्याला ते कळू देता कामा नये. पोंगल, मील्स, रवा डोसा आणि फक्त रविवारी होणारं पायसम एकाच यादीत, वेळेचा उल्लेखही न करता छापावेत.

यादी पीडीएफमध्येच हवी. छापखान्यासाठी केलेली आडवी, दोन पानी फाइल जशीच्या तशी चढवावी. फोनवर ती दोन बोटांनी ताणावी लागते. ताणल्यावर पदार्थ दिसला की किंमत पडद्याबाहेर जाते आणि किंमत दिसली की पदार्थ. याहून वरची पायरी म्हणजे लॅमिनेट केलेल्या कार्डाचा ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो. झोत नेमका दरांच्या रकान्यावर पडतो. शिवाय फोटोतली अक्षरं अंध माणसाच्या स्क्रीनरीडरला वाचता येत नाहीत आणि गूगललाही धड लागत नाहीत, त्यामुळे 'माइलापुरात पणियारम कुठे मिळेल' असं कुणी शोधलंच, तर तुमचं नाव वर येण्याचा धोका टळतो.

या सगळ्याच्या विरुद्ध वागणारी एक मागासलेली वस्तू माइलापूर-तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांत अजून दिसते: दारातला काळा फळा. वर 'साप्पाडु तयार', म्हणजे जेवण तयार. खाली खडूनं त्या दिवसाची भाजी, कूट्टू, रसम, पायसम. पायसम संपलं की आतून पोऱ्या येतो, ओल्या फडक्यानं तेवढी ओळ पुसतो आणि लुंगीला हात पुसत परत जातो. स्कूटर लावायच्या आतच माणसाला कळतं की पायसम गेलं. लॉग-इन नाही, अपडेट नाही, भाचा नाही. तिरुवल्लिकेणीच्या रत्ना कॅफेत १९४८ पासून लोक सांबारात बुडालेली इडली खायला येतात, तेही वेबसाइट बघून येत असतील असं वाटत नाही. अशा लोकांमुळेच आपल्या क्षेत्राची प्रगती खुंटली आहे.

पत्त्याच्या बाबतीत आपलं अर्धं काम चेन्नई शहरानं आधीच करून ठेवलंय. इथे घरांना दोन नंबर असतात, आणि पत्ता 'जुना नं. १४, नवा नं. ३१' असा लिहितात. वेबसाइटवर यांतला एकच द्यावा आणि तो कोणता हे लिहू नये. रस्त्यांचंही तसंच. एडवर्ड एलियट्स रोडचा डॉ. राधाकृष्णन सालै झाला, मोब्रेज रोडचा टीटीके रोड, लॉइड्स रोडचा अव्वै षण्मुगम सालै, आणि अण्णा सालैला तर निम्मं गाव अजून माउंट रोडच म्हणतं. जुन्या रिक्षावाल्याला जुनं नाव कळतं, नकाशाला नवं. म्हणून रिक्षावाल्यासाठी नवं आणि नकाशासाठी जुनं वापरावं. नकाशावरची खूण दुभाजकाच्या पलीकडे टोचावी. मेट्रोच्या खोदकामातून वाट काढत तिथे पोचलेल्या माणसाला समोर तुमचा बोर्ड दिसेल, पण रस्ता ओलांडता येणार नाही. 'देवळामागे, पाण्याच्या टाकीसमोर' असलं काही चुकूनही लिहू नये. त्यानं माणसं सरळ येऊन धडकतात.

फोन नंबर चित्रात बसवावा, म्हणजे त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. तो आधी कुठेतरी लिहून घ्यावा लागतो. नंबर ०४४ चा, लँडलाइनचा असेल तर उत्तमच. तो फोन गल्ल्यावर असतो आणि दुपारी साडेबाराला गल्ल्यावरचा माणूस सुटे मोजत असतो. आणखी एक युक्ती सुचवतो. अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापावा लागतो. तोच वेबसाइटच्या तळाशी, जिथे फोन नंबर असायला हवा तिथे, ठळक टाकावा. लोक तो लावून बघतात.

फोटो विकत घ्यावेत. परदेशी फोटोसाठ्यातल्या इडलीशेजारी हमखास एक अख्खी लाल सिमला मिरची ठेवलेली असते, तिनं आंतरराष्ट्रीय दर्जा येतो. फिल्टर कॉफी कपबशीत दाखवावी. दवरा-टंबलर बघून कुणाला आपण चेन्नईत आहोत असं वाटायला नको. टेबल राखून ठेवायचा फॉर्मही हवा, विशेषतः जिथे चार अनोळखी माणसं एका टेबलावर बसून वीस मिनिटांत जेवून उठतात तिथे. त्यात 'प्रसंग: वाढदिवस / लग्नाचा वाढदिवस / इतर' हा रकाना सक्तीचा ठेवावा. भाषा तीन ठेवाव्यात आणि तिन्हींत वेगवेगळ्या वेळा द्याव्यात.

'ताज्या घडामोडी' हा विभाग सुरू करावा आणि तिथेच सोडून द्यावा. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळानं अर्धं चेन्नई पाण्यात होतं, तेव्हा कुठलं हॉटेल उघडं आहे हे लोक फोनवर शोधत होते. अशा वेळी 'पोंगलच्या हार्दिक शुभेच्छा २०२१' वाचून माणसाला जो धीर येतो त्याला मोल नाही.

एवढं करूनही काही गिऱ्हाइकं हाती लागत नाहीत, म्हणजे अडवता येत नाहीत. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला दक्षिणेत गावोगाव पसरलेत. सावकारपेठेतला गलाईवाला तुमची वेबसाइट उघडतच नाही. तो सरळ मोबाइलवर विचारतो, "दादा, आज रस्सा हाय का? किती वाजंपातूर?" दोन प्रश्नांत त्याचं काम होतं आणि दहा मिनिटांत तो चार भाऊबंद घेऊन हजर होतो. त्याच्यावर आमच्याकडे उपाय नाही.

शेवटी डोमेन. ते भाच्याच्या कॉलेजच्या ईमेलवर नोंदवावं. भाचा पुढे जर्मनीला जातो, ईमेल बंद होतो, नूतनीकरणाच्या सूचना कुठेतरी पडून राहतात, आणि एके दिवशी तुमच्या हॉटेलच्या नावावर टिचकी मारली की तीनपत्तीच्या जुगाराची जाहिरात उघडते. पाहणाऱ्यांची संख्या त्या दिवसापासून वाढते.

हे सगळं झेपणार नसेल, तर फळ्यावर जे लिहिता तेच एका पानावर टाइप करून घ्या: वेळा, त्या वेळांना काय मिळतं, आजचे दर, पत्त्यातले जुना-नवा दोन्ही नंबर, देवळाची खूण आणि बोट ठेवलं की लागणारा फोन. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. भाच्याला याला एक दुपार पुरते. त्याचे पैसे मात्र रोख द्या, जेवणावर वळते करू नका.