उत्कृष्ट प्रवास व्यवस्थापक, मु. पो. भालकी

भाचा बंगळुरात एका बड्या कंपनीत आहे. परवा त्यानं फोटो पाठवला. पंचतारांकित हॉटेल, निळा उजेड आणि हातात काचेची बाहुली धरून उभे असलेले एक सुटाबुटातले गृहस्थ. खाली ओळ : ‘आमचे ट्रॅव्हल मॅनेजर, यंदाचे सर्वोत्कृष्ट!’ मी फोन करून विचारलं, हे करतात काय? तर म्हणे, साहेबलोकांची विमानं, हॉटेलं, गाड्या ठरवतात, कोणाला खिडकी द्यायची याचं धोरण आखतात आणि माणूस परत आला की त्याच्या बिलातला चहा कापतात.

आमची आत्या हे सगळं दोनशे माणसांच्या वऱ्हाडासाठी करायची, आणि तेही चहा न कापता. तिला बाहुली सोडाच, मानपानाच्या साडीचाही घोळ झाला होता. पण ते असो.

मुद्दा असा, की बंगळूर-दिल्ली तिकीट काढणं यात कसली आलीय मर्दुमकी? या सर्वोत्कृष्ट गृहस्थांनी आमच्या जिल्ह्याच्या गावी, बीदरला माणूस पोचवून दाखवावा. आमचा विमानतळ 7 फेब्रुवारी 2020 ला थाटात सुरू झाला आणि महिन्या-दीड महिन्यात कोरोनानं देशच बंद केला. मग सेवा गेली. 2022 मध्ये दुसऱ्या कंपनीचं विमान आलं, 2023 संपता संपता तेही गेलं. एप्रिल 2025 मध्ये पुन्हा आलं. त्यामुळे आमच्याकडे विमानाची वेळ कोणी विचारत नाही, ‘सध्या हाय का?’ असं विचारतात. शेजारी कलबुर्गीला (म्हातारी माणसं अजून गुलबर्गाच म्हणतात) नोव्हेंबर 2019 मध्ये विमानतळ झाला. धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब. सकाळी फिरायला उत्तम, पण आत सोडत नाहीत.

रेल्वेचं म्हणाल तर बीदर-कलबुर्गी हा साधारण 110 किलोमीटरचा मार्ग 29 ऑक्टोबर 2017 ला पुरा झाला. मंजुरीपासून वीसेक वर्षं लागली. हिशेब केला, दिवसाला पंधरा मीटर पडतात. गोगलगायींनी तुलनेला हरकत घेतली आहे. त्याच वर्षी मुंबई-लातूर गाडी बीदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातूरकर ‘आमच्या सीटा गेल्या’ म्हणून रस्त्यावर उतरले. शेवटी आठवड्याचे वार वाटून घ्यावे लागले. भावकीत विहिरीचं पाणी वाटतात, तसे.

तेव्हा पुरस्कार द्यायचेच तर इथे द्या. पहिलं नाव मी सुचवतो. कामानिमित्त बीदरला आलेल्या एका परदेशी प्रवाशाचं. अफनासी निकितिन, गाव त्वेर, देश रशिया, साल 1469 च्या आसपास. विकायला एक घोडा घेऊन गडी चौलला उतरला आणि खुष्कीच्या वाटेनं जुन्नरला पोचला. तिथल्या खानानं घोडा जप्त केला. धर्म बदल, म्हणजे घोडा परत आणि वर बक्षीस, नाहीतर दंड, अशी पॉलिसी. चार दिवसांची मुदत. अखेर एका खुरासानी मोठ्या माणसानं शब्द टाकला आणि घोडा सुटला. ट्रॅव्हल डेस्क म्हणतात तो हाच : मध्ये पडणारा माणूस. पुढे बीदरला येऊन त्यानं तो घोडा विकला खरा, पण तोवर जवळपास वर्षभर त्याला पोसलं होतं. जवळच्या आळंदच्या जत्रेचंही त्यानं लिहून ठेवलं आहे : दहा दिवस बाजार, वीस हजार घोडे. गावी पोचण्याआधीच तो वाटेत वारला आणि त्याच्या वह्या 1475 मध्ये मॉस्कोच्या दरबारी कारकुनाच्या हाती पडल्या. म्हणजे प्रवासाचा अहवाल मृत्यूनंतर सादर! चारा मंजूर झाला की नाही, याची नोंद नाही.

दुसरं नाव आमच्या भालकी-बीदर गाडीच्या कंडक्टरचं. परवाचीच गोष्ट. शेजारच्या बाकावर मायलेकी. आई भालकीची, लेक उदगीरला दिलेली. कर्नाटकात 11 जून 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट, पण आधार कार्डावर पत्ता इथला हवा. आईला शून्याचं तिकीट मिळालं, लेकीला पुरं. आई उसळली, ‘लेक माझीच हाय की!’ कंडक्टर शांतपणे म्हणाला, ‘लेक तुमची, अक्का, पर आधार महाराष्ट्राचं.’ मग लेकीनं सासरची बाजू सावरली. ‘आमच्या लाल परीत तर अर्धंच पडतंय.’ तर तो म्हणाला, ‘अर्धं हद्दीपर्यंत. हद्द वलांडली की पुरं.’ एवढं बोलणं त्यानं मराठी, कन्नड आणि दख्खनी अशा तीन भाषांत केलं, कारण मागच्या बाकावरचे दोघे मध्ये पडले होते. दोन सरकारांचं धोरण, तीन भाषा, एक रडणारं पोर, आणि दोन रुपये सुट्टे परत द्यायचे राहिलेले. लेकीनं पैसे दिले. आईनं तिकिटाची सुरळी करून कानात घातली. बीदर येईस्तोवर दोघी शेंगा खात होत्या.

तिसरं नाव हुमनाबादच्या हायवेवरच्या टपरीत बसणाऱ्या, पुण्याच्या रात्रीच्या गाड्यांची सीट देणाऱ्या इसमाचं. त्याच्याकडे संगणक नाही, पाठकोऱ्या कागदांची वही आहे. कोण बाई एकटी चालली आहे, कोणाला उलटी होते, कोणाचं बाळंतपण जवळ आलंय, हे त्याला ठाऊक. ‘गाडी कधी येईल?’ या प्रश्नाला ‘निघाली’ एवढंच उत्तर देतो. पण दोन वाजता आली तरी पेंगणाऱ्या म्हातारीला हाताला धरून चढवतो.

सोहळा भालकी स्टँडवर घ्यावा म्हणतो. निळा उजेड जमणार नाही, पण ट्यूबलाइट आहे. काचेची बाहुली गाडीत फुटेल, म्हणून स्टीलचा डबा देऊ. वाचकांनी आपल्या ओळखीच्या व्यवस्थापकांची नावं चिठ्ठीवर लिहून कंडक्टरकडे द्यावीत, आणि येताना सुट्टे पैसे आणावेत.