एक कोटी वजा मेहुणा

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमच्या स्टँडवर चहा घेणाऱ्या प्रत्येकाला एक कोटीची लॉटरी लागलेलीच असते. तिकीट तेवढं काढायचं राहिलेलं असतं. मग कोणीतरी मोबाइलमधून अमेरिका काढतो. तिथे म्हणे बक्षीस लागलं की विचारतात, एकदम घेता की तीस हप्त्यांत? नोव्हेंबर २०२२ मध्ये पॉवरबॉलचा २०४ कोटी डॉलरचा जॅकपॉट कॅलिफोर्नियात लागला. विजेत्याने एकदम मागितले, तर हिशेब निघाला ९९ कोटी ७६ लाखांचा. तोही केंद्राचा कर कापायच्या आधी! २०४ हा आकडा एकोणतीस वर्षं धीर धरणाऱ्यासाठी होता.

आपल्याकडे सरकार असल्या पेचात पाडत नाही. राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे आणि बक्षीस एकरकमीच मिळतं. पेच पुढे आहे. एक कोटीतले ३० लाख जागेवरच कापले जातात, खात्यात ७० येतात, बँडवाल्याला इसार जातो. पण करावर दहा टक्के अधिभार म्हणजे ३ लाख आणि त्या सगळ्यावर चार टक्के उपकर म्हणजे १ लाख ३२ हजार, हे कापणाऱ्याने कापलेलेच नसतात. ते आपण होऊन भरायचे असतात. हाती उरतात ६५ लाख ६८ हजार. यात विम्याचा हप्ता दाखवून सूट नाही, पीपीएफ नाही. आधीची शंभर तिकिटं वाया गेली, ती तरी वजा करा म्हटलं तर तेही नाही.

समजा सरकारने उद्या अमेरिकेची नक्कल करून वर्षाला ५ लाख, असे वीस वर्षं द्यायचं ठरवलं. दुसरी मोठी कमाई नसेल तर अधिभार टळेल. आजच्या दराने दरसाल ३ लाख ४४ हजार हाती पडतील आणि वीस वर्षांत ६८ लाख ८० हजार होतील. म्हणजे तीन लाखांवर जास्तीचे! पण ६५ लाख ६८ हजार आजच बँकेत टाकले आणि सात टक्के धरले, तर व्याजच ४ लाख ५९ हजारांच्या पुढे जातं, आणि मुद्दल शाबूत. कागदावर एकरकमी बाजी मारते.

कागदाला मेहुणा नसतो. बँकेतलं मुद्दल वीस वर्षं शाबूत राहील, हे गृहीत धरणाऱ्याने आमच्याकडची लग्नसराई पाहिलेली दिसत नाही.

चेष्टा बाजूला ठेवू. हप्ते की एकरकमी हा प्रश्न मेहकर तालुक्याला खरोखर विचारून झालेला आहे. लॉटरीवाल्यांनी नाही, समृद्धी महामार्गवाल्यांनी. आधी आली लँड पूलिंगची योजना: जमीन द्या, बदल्यात २५ ते ३० टक्के विकसित भूखंड घ्या आणि वर दहा वर्षं वार्षिक रक्कम. जिरायतीला हेक्टरी ५० हजार, बारमाही बागायतीला एक लाख, दरवर्षी दहा टक्के वाढ. जिरायतीचे एकरी वीस हजार पडतात. शेतकऱ्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला, मोर्चे काढले आणि २०१७ मध्ये सरकार थेट खरेदीवर आलं. मोबदला पाचपट, पैसे खात्यात. बहुतेकांनी तेच घेतले.

यावर शहरातले अर्थतज्ज्ञ हळहळले. म्हणे शेतकऱ्याला दूरचं दिसत नाही. दिसत नाही कसं? पीकविम्याचा पैसा कधी येतो आणि कितीचा येतो, हे ज्याने पाहिलंय, त्याला दहा वर्षांचा सरकारी शब्द बरोबर दिसतो. आंध्रात अमरावती राजधानीसाठी २०१५ मध्ये अशीच दहा वर्षांची वार्षिकी ठरली होती. २०१९ मध्ये सरकार बदललं, नव्यांना राजधानी एकाच्या तीन कराव्याशा वाटल्या, आणि वार्षिकीचे पैसे रखडले. शेतकरी कोर्टात गेले. मेहकरवाल्यांना भविष्य कळत नव्हतं, सरकार कळत होतं.

पैसे आल्यावर काय झालं, तेही झाकायचं कारण नाही. कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी स्लॅब टाकला, कोणाच्या दारात पांढरी चारचाकी आली. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बहिणींचा भाव मात्र एकदम वधारला. ज्या बहिणीला दिवाळीला न्यायला कोणी जात नव्हतं, तिच्या दारात हक्कसोडीचा कागद घेऊन भाऊ साखरेच्या पुड्यासकट हजर! कागद वाचून तिने विचारलं, "दादा, माझं किती?" दहा वर्षांच्या हप्त्यांत हा प्रश्न दहा वेळा आला असता. एकरकमीत एकदाच आला, हाही एक फायदाच.

आणि गंमत पाहा. खेड्यातली शेतजमीन गेली तर त्या पैशावर प्राप्तिकर नाही. नशीब उघडलं तर कोटीमागे ३४ लाख ३२ हजार.

तेव्हा स्टँडवरच्या भावी कोटीपतींनो, तिकीट लागलंच तर आधी ४ लाख ३२ हजार वेगळ्या खात्यात टाका. प्राप्तिकरवाले मेहुण्यासारखे नसतात. चहा पिऊन जात नाहीत.