डिजिटल अटकेत कसे वागावे

सर्वप्रथम अभिनंदन! ज्या सरकारी खात्यांत आपण वर्षानुवर्षं खेपा घातल्या, त्यातल्या एकाने आपल्याला स्वतःहून फोन केला आहे.

आपल्या आधारवर घेतलेल्या सिमवरून घाणेरडे मेसेज गेलेत, किंवा आपल्या नावाच्या पार्सलात पासपोर्ट आणि ड्रग्ज सापडलेत, असं कळेल. मग फोन क्राइम ब्रँचला जोडला जातो, तिथून सीबीआयला. आपला साधा अर्ज एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला जिथे पंधरवडा लागतो, तिथे तीन खात्यांतून फाइल चार मिनिटांत फिरली! शहाण्याने इथेच फोन ठेवावा. पण माणूस घाबरलेला असतो, म्हणून आणखी लक्षणं देतो.

साहेब जागेवर असतात. जेवायला गेलेले नसतात, मीटिंगला नसतात, रविवारीही हजर असतात. तासाभरात एकदाही ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकू येत नाही. कुणी झेरॉक्स मागत नाही. व्हिडिओत गणवेश कडक इस्त्रीचा, मागे बोधचिन्ह. आणि सगळ्यात पक्की खूण: पैसे ‘पडताळणीसाठी’ रिझर्व्ह बँकेकडे पाठवा, दोन दिवसांत परत मिळतील. ज्याने कधी सरकारी रिफंडची वाट पाहिली आहे, त्याला ‘दोन दिवस’ हे शब्द ऐकूनच हसू यायला हवं. शिवाय रिझर्व्ह बँकेत तुमची-आमची खाती नसतात.

आता कायदा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. अटक करायला पोलिसाला समोर यावं लागतं, कारण सांगावं लागतं, नातेवाइकांना कळवावं लागतं आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये राज्यांना सांगितलं आहे.

‘आम्ही शिकलेले, आम्ही नाही फसणार’ म्हणणाऱ्यांसाठी: २०२४ मध्ये वर्धमान ग्रुपचे एस. पी. ओसवाल यांच्यापुढे चक्क सर्वोच्च न्यायालयच उभं केलं गेलं. सरन्यायाधीश चंद्रचूड म्हणून कुणीतरी बसलं, सुनावणी झाली, आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पद्मभूषण मिळालेल्या या उद्योगपतीचे सात कोटी गेले. तक्रार लवकर झाली म्हणून त्यातले सुमारे सव्वापाच कोटी तरी हाती लागले.

या धंद्याचा सगळा डोलारा एका अटीवर उभा असतो: कॅमेऱ्यापुढून हलायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. भरल्या घरात ही अट दहा मिनिटंही टिकणार नाही. चहा आणणारी व्यक्तीच ‘कोणाशी बोलताय?’ म्हणून विचारते. पण मुलं न्यू जर्सीत आणि आई-बाबा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोघंच, तिथे हीच अट कित्येक दिवस टिकते. म्हणून गुपित ताबडतोब फोडावं. शेजारच्या काकूंना हाक मारावी. सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलवावं. पार्किंगच्या एका जागेसाठी वर्षभर पत्रव्यवहार करणारा माणूस सीबीआयला सहज पुरून उरतो.

कुणाला वाटेल, आपणही त्यांची फिरकी घ्यावी. ‘अर्ज तीन प्रतींत आणा, आवक क्रमांक घ्या, साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या’, ही भाषा आपल्याला तोंडपाठ आहेच. मोह आवरा. बोलण्यात ते आपल्यापेक्षा तरबेज असतात, आणि व्हिडिओवरचा आपला चेहरा त्यांना फुकट देण्याचं कारण नाही. त्यातही, नोकरीच्या आमिषाने म्यानमार-कंबोडियाला नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन अशा कामाला जुंपलेली माणसं आहेत. म्हणजे खरोखर अटकेत असलेला माणूस कधी कधी फोनच्या त्या टोकाला असतो.

तेव्हा फोन ठेवा. नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० लावा आणि बँकेला कळवा. एका खात्यातून दहा खात्यांत पांगलेला पैसा पुन्हा गोळा होणं कठीण. आणि लाज वाटायचीच असेल, तर ती तक्रार क्रमांक हातात पडल्यावर सावकाश वाटून घ्या.