घरकुलाचा अभिप्राय घेण्याची रीत
घरकुलाचा अभिप्राय म्हणजे सरकारी मदतीने बांधलेल्या घरात राहणाऱ्याचे त्या घराबद्दलचे मत. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत अशा माणसाला भाडेकरू नव्हे, लाभार्थी म्हणतात, आणि निम्मे काम तिथेच उरकते. भाडेकरू गळक्या छपरावरून मालकाशी भांडतो. ज्याला लाभ झाला तो कोणाशी भांडणार?

आधी दिवस ठरवावा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा घेण्याचा प्रघात अभिप्रायाच्या फार सोयीचा आहे. दिवाळी झाली की पाड्यांतली बरीच माणसे वीटभट्ट्यांवर, नाही तर गुजरातेत उंबरगाव-वापीकडे मजुरीला जातात. पहिल्या दोन तारखांना हाती लागतात ती म्हातारी माणसे आणि कोंबड्या. ऑगस्टात भाताची बेणणी चालू असते, ऑक्टोबरात हळवे भात कापणीला येते. घरकुलाची वीट कच्ची की पक्की हे ज्याला नुसत्या बोटाच्या टिचकीने सांगता आले असते, तो सभेच्या दिवशी दुसऱ्याच्या घरासाठी विटा थापत असतो. वर्षातून किमान एकदा सामाजिक अंकेक्षण करावे, असे नियम सांगतो. तेही याच बेताने करावे.

प्रश्न नेहमी कागदावरच्या मराठीत विचारावा. ‘सदर आवासातील सुविधांबाबत आपण समाधानी आहात काय?’ असे म्हटल्यावर वारली बोलणारी आजी पाहुण्याचा मान राखून मान डोलावते. तो डोल ‘पूर्णतः समाधानी’मध्ये नोंदवावा. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत 2016 पासून घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे, तेही स्वयंपाकाची जागा धरून. त्यात भाताची कणगी कुठे ठेवायची, पावसात बैल कुठे बांधायचा, असे पोटप्रश्न लोक काढतात. कोणी विचारते, लग्नाचा चौक कुठल्या भिंतीवर लिहायचा? (वारली माणूस चित्र काढत नाही, लिहितो.) गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना ज्या कलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली, तिची मूळ जागा सारवलेला कूड. या सगळ्यासाठी नमुन्यात ‘इतर’ हा रकाना असतो. त्याला अर्धी ओळ पुरते.

धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा घरे असलेली माणसे ऐन थंडीत तंबूंत झोपली. ‘घराचा वापर चालू आहे काय?’ याचे उत्तर अशा वेळी ‘होय’ असेच लिहावे. भांडी आतच असतात.

शेवटी छायाचित्र. लाभार्थ्याला दारात उभे करून अक्षांश-रेखांशासह फोटो काढावा, शक्यतो उन्हाळ्यात. फोटोत गळती दिसत नाही, आणि दारात उभा माणूस भिंतीची एखादी भेगही झाकतो.

तलासरी तालुक्यातल्या झरी गावी 23 मे 1945 रोजी, म्हणजे वरच्या चारांपैकी एकाही तारखेला नव्हे, काही हजार वारली जमले होते. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. नमुना नव्हता, रकाने नव्हते, तरी यापुढे जमीनदाराची वेठ करायची नाही, असा अभिप्राय एकमुखाने निघाला आणि अमलातही आला. ती रीत प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही.